१२ नंबरचा पाय आणि कंपनी सेटिंग

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते मी आधी वाचतो, अग्रलेख नंतर, खोटं कशाला बोलू. नवीन मोटरसायकल आली की ॲव्हरेज किती, टाकी किती लिटरची, ब्लूटूथ आहे का, सीट जमिनीपासून किती उंच, सगळं त्यात असतं. पण गिअर टाकायला आणि ब्रेक दाबायला जो पाय लागतो तो त्या गाडीवर मावतो का हे आजपर्यंत एकदाही वाचलं नाही. हसू नका साहेब. माझा पाय १२ नंबरचा आहे, पोरांच्या कंपासमध्ये ३० सेंटिमीटरची पट्टी असते ना, जवळजवळ तेवढा, आणि मी रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकलवरच असतो म्हणून हे पत्र.

मी पाटण तालुक्यात जनावरांचं कृत्रिम रेतन करतो. लोक डाक्टर म्हणतात, मी काही डिग्रीवाला डॉक्टर नाही, पण म्हैस सकाळी माजावर आली की संध्याकाळपर्यंत भरायला कुणीतरी पोचावं लागतं आणि तो कुणीतरी म्हणजे मी. मल्हारपेठ, मोरगिरी, ढेबेवाडी, चाफळ असा सगळा पट्टा. मागं कॅरिअरला नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, उणे १९६ अंशाचा, त्यात रेतनाच्या कांड्या, आणि पायात जून ते ऑक्टोबर गमबूट, कारण कोयनेच्या पट्ट्यातला पाऊस आणि गोठ्यातलं शेण या दोन्हीला दुसरा इलाज नाही. आता १२ नंबरचा गमबूट बाहेरून केवढा असेल? मी टेप लावून बघितलं, ३३ सेंटिमीटर. आणि माझ्या गाडीच्या गिअर लिव्हरला पुढं चवड्याची एक पट्टी आणि मागं टाचेची एक पट्टी, त्या दोन्हीतलं अंतर? २७. म्हणजे जागा २७ ची आणि बूट ३३ चा, बसवा आता कसा बसवायचा ते.

गाडी १०० सीसीची साधी, कंपनीचं नाव घेत नाही कारण हा काही त्या एका कंपनीचा दोष नाही. चारही गिअर पुढं दाबून पडतात, टाचेनं मागची पट्टी दाबली की गिअर उतरतो. ज्यांचा पाय ७-८ नंबरचा आहे त्यांना यातलं काहीच जाणवत नसणार, त्यांचा पाय फूटरेस्टवर मधोमध बसतो, चवडा पुढच्या रबराच्या जरा अलीकडं, टाच मागच्या पट्टीच्या जरा पुढं, लागेल तेव्हा दाबायचं नाहीतर पाय आपला निवांत. माझं तसं नाही. चवडा पुढच्या पट्टीच्या वर ठेवला तर बोटं पट्टीच्या पार पुढं जातात आणि पायाचं वजन नकळत लिव्हरवर पडून राहतं. बोटं पट्टीच्या खाली सारली तर बूट लिव्हर आणि लेगगार्डच्या मधल्या बेचक्यात अडकतो. पाय मागं ओढून चवडा फूटरेस्टवर ठेवावा म्हटलं तर टाच बरोब्बर मागच्या पट्टीवर, आणि जरा खड्डा लागला की खट्ट, चौथ्याचा तिसरा.

हे जे "खट्ट" आहे ना ते उन्हाळ्यात नुसता झटका देतं, मागं बसलेला विचारतो काय झालं हो डाक्टर. पण पावसाळ्यात मोरगिरीच्या रस्त्याला उतारावर, वर लाल मातीचा चिखल आलेला, तिथं मला नको असताना टाचेनं गिअर उतरला आणि इंजिननं मागचं चाक असं धरलं की गाडी मागून एक हात बाजूला सरकली. पडलो नाही, नशीब. पडलो ते नंतर, आणि तेसुद्धा गाडी थांबलेली असताना. एका वस्तीवर म्हशीसाठी गेलो, पारासमोर गाडी थांबवली, डावा पाय खाली टेकवायला काढला तर बूट लिव्हरखाली अडकलेला, निघेचना, आणि गाडी हळूहळू, अगदी हळूहळू, जशी म्हैस बसते तशी डावीकडं बसली, मी खाली, वर गाडी, आणि मी झोपल्या झोपल्या एका हातानं कंटेनर धरलेला कारण त्यातला नायट्रोजन सांडला तर महिन्याची कमाई गेली. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, "डाक्टर, म्हस तिकडं गोठ्यात हाय, हितं काय शोधताय?" ही गोष्ट आता त्या गावात माझ्याआधी पोचते.

मग मी गाडी घेतली होती तिथल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराला समजावून सांगितलं की बाबा लिव्हर जरा वर घेऊन दे, पुढची पट्टी जरा लांब मिळत असेल तर बघ. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं (काय बघितलं देव जाणे) आणि म्हणाला, "सर, ते कंपनी सेटिंग आहे, त्याला हात लावता येत नाही, वॉरंटी जाईल." मी म्हटलं अरे पण माझा पाय बसत नाही. तर म्हणतो, "सर, तुमचा पायच मोठा आहे." आता यावर काय बोलायचं? ५२ वर्षं हा पाय वापरतोय, मला माहीतच नव्हतं.

खरं सांगायचं तर ते "कंपनी सेटिंग" वगैरे काही नसतं, निदान गिअर लिव्हरचं तरी नसतं. हे मला कळलं आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडं. टपरीवजा गॅरेज, पत्र्याचं शेड, पण हात सोन्याचा. त्यानं माझी तक्रार ऐकली, बुटाकडं बघितलं, लिव्हरकडं बघितलं आणि म्हणाला, "डाक्टर, मग काय करू, पाय कापू का लिव्हर कापू?" आणि मग जे काम त्यानं केलं ते जरा सविस्तर सांगतो कारण माझ्यासारखे वाचणारे असतील तर त्यांना उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे त्यानं मला गाडीवर बसवलं, डबल स्टँडवर, आणि गमबूट घालूनच. चपलेवर सेटिंग करून गमबूट घालून चालवायचं असेल तर काय उपयोग, जे पायात असतं तेच घालून बसा म्हणाला. मी नेहमी बसतो तसा बसलो, पाय फूटरेस्टवर, गुडघा टाकीला. मग त्यानं खडूनं बुटाच्या बाजूला दोन रेघा मारल्या, एक जिथं पुढची पट्टी लागते तिथं आणि एक मागची लागते तिथं. म्हणाला ही झाली तुझ्या पायाची मापं, आता गाडीची बघू.

गिअर लिव्हर ज्या शाफ्टवर बसते त्या शाफ्टला बारीक दाते असतात आणि लिव्हरच्या आतल्या भोकालाही तसेच दाते, दोन्ही एकमेकांत बसतात आणि वरून एक बोल्ट आवळला की झालं. माझ्या गाडीला १० नंबरचा पाना लागतो. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही, पूर्ण काढावा लागतो कारण तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो, इथंच बरेच जण चुकतात आणि मागून हातोडी मारतात. हातोडी मारायची नाही, शाफ्टभोवती आतल्या बाजूला ऑइल सील असतं ते जातं आणि मग इंजिन ऑइल ठिबकायला लागतं. बोल्ट काढायचा, लिव्हरच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून फट जरा फाकवायची आणि सरळ बाहेर ओढायची. काढायच्या आधी शाफ्टवर आणि लिव्हरवर रंगाचा एक ठिपका मारून ठेवायचा म्हणजे नाही जमलं तर पुन्हा होतं तिथं आणता येतं. एक दाता वर सरकवून बसवली की टोकाला चांगला दोन-अडीच बोटांचा फरक पडतो, म्हणजे एका दात्यात कधी कमी वाटेल कधी जास्त, अर्धा दाता काही करता येत नाही. आणि बोल्ट पुन्हा आवळताना हयगय केली तर लिव्हर हलत राहते, दाते झिजतात आणि एक दिवस भर रस्त्यात लिव्हर शाफ्टवर नुसती गोल फिरते, गिअर पडतच नाही. मग लोक तिथं वेल्डिंग मारून टाकतात, आणि पुढं ऑइल सील बदलायची वेळ आली की रडतात.

ज्या गाड्यांना लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये एक सळई असते त्यांचं काम सोपं, कारण त्या सळईच्या दोन्ही टोकांना आटे असतात, एका बाजूला सरळ आणि एका बाजूला उलटे, दोन्हीकडचे चेक नट सैल करून सळई नुसती हातानं फिरवली की लिव्हर वर किंवा खाली, अगदी सुतासुतानं. माझा भाचा कराडला असतो, त्याची गाडी तशी आहे, पाय माझ्यासारखाच, खानदानी, पण लिव्हर हलवता येते हे त्याला पाच वर्षं माहीतच नव्हतं, बिचारा तिरका पाय करून चालवायचा आणि गुडघा दुखतो म्हणून गोळ्या खायचा. दहा मिनिटं लागली सेटिंगला.

माझ्या गाडीला सळई नाही, आणि नुसतं वर घेऊन भागणार नव्हतं कारण मुळात अंतरच कमी. तेव्हा मिस्त्रीनं मागची टाचेची पट्टी कापली आणि चार बोटं लांबीचा तुकडा मध्ये घालून, जरा बाहेर वाकवून, गॅस वेल्डिंग करून दिली. मी म्हटलं आता तसाच उजवीकडचा ब्रेकपण लांब करून दे. तर त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, "गिअरचं वेल्डिंग तुटलं तर गाडी ढकलत घरी येशील. ब्रेकचं तुटलं तर तुला आणायला लोकं यायला लागतील." ब्रेकला वेल्डिंग नाही म्हणजे नाही.

ब्रेकचं पेडल कापायचं नाही पण त्याची उंची बदलता येते, हेपण कुणी सांगत नाही. पेडल वर कुठपर्यंत येणार ते ठरवणारा एक स्टॉपर बोल्ट असतो, माझ्या गाडीला आहे, सगळ्यांना असेलच असं नाही. लांब पायाला पेडल जरा खाली लागतं, नाहीतर टाच फूटरेस्टवर टेकलेली असताना चवडा कायम पेडलवरच पडून राहतो. उंची बदलली की मागं ड्रमजवळचा नट फिरवून पेडलचा मोकळा खेळ पुन्हा बघायचा, दोन-तीन सेंटिमीटर मोकळं दाबलं गेल्यावर मग ब्रेक धरायला पाहिजे. आणि सगळ्यात विसरलं जातं ते म्हणजे ब्रेक लाइटचं स्विच, ते स्प्रिंगनं पेडलला जोडलेलं असतं, पेडल खाली घेतलं आणि स्विच तसंच ठेवलं तर मागचा लाल दिवा चोवीस तास पेटलेला. शेवटी मागचं चाक हातानं फिरवून बघायचं, मोकळं फिरलं पाहिजे. मागं डिस्क ब्रेक असेल तर मात्र हे घरी करत बसू नका, तिथं पुशरॉडचं, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत ढकलणाऱ्या सळईचं काम असतं, मोकळा खेळ राहिला नाही तर डिस्क धरून राहते, तापते आणि चाक जाम होतं.

मोठ्या पायवाल्यांच्या बाबतीत ब्रेकवर पाय पडून राहणं ही गिअरपेक्षा मोठी भानगड आहे असं माझं मत झालंय. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस तरी. सीबीएस म्हणजे पायातला ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही, गावाकडं निम्मी लोकं पुढचा ब्रेक हातानं दाबतच नाहीत, पडू म्हणून भितात. पण ज्याचा पाय नकळत पेडलवर टेकलेला राहतो त्याचे आता दोन्हीकडचे ब्रेक घासत राहू शकतात, लायनर जातात, ॲव्हरेज पडतं, आणि दिवा सारखा पेटलेला असल्यानं मागून येणाऱ्याला कळतच नाही की हा खरंच थांबतोय का याचा पाय मोठा आहे. सीबीएसवाल्या गाडीत पेडलची उंची बदलायची असेल तर पुढच्या ब्रेकची केबलपण बघावी लागते, ते मिस्त्रीवरच सोडा.

आता कुणी म्हणेल की अहो असे १२ नंबरवाले आहेत किती, कंपनीनं चार लोकांसाठी काय काय करायचं. ठीक आहे. पण प्रश्न नुसत्या १२ नंबरचा नाहीये. आमच्याकडं पावसाळ्यात चिखल तुडवणारा प्रत्येक जण गमबूट घालतो, ७ नंबरवाल्याचा गमबूटपण साध्या बुटापेक्षा मोठाच असतो. एमआयडीसीत जाणारी पोरं सेफ्टी शूज घालतात, आत लोखंडी टोपी, पुढून असा फुगलेला, तो लिव्हरच्या खाली जातच नाही, आणि ज्या गाड्यांना पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर उचलायचे असतात त्यांना तर प्रत्येक गिअरला बूट खाली घालावाच लागतो. गंमत बघा, चाकणला जी पोरं ह्या मोटरसायकली बनवतात तीच ड्युटी संपल्यावर सेफ्टी शूज घालून मोटरसायकलवर घरी जात असणार. आणि उलट बाजूनं ज्यांचा पाय ४-५ नंबरचा आहे, त्यात बायका आल्या, त्यांचा चवडा पुढच्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, त्या प्रत्येक गिअरला फूटरेस्टवरून पाय उचलून पुढं नेतात. लिव्हर एकच, पाय शंभर प्रकारचे.

टाचेची पट्टी आपल्याकडं का टिकली यावर मिस्त्रीचं एक म्हणणं आहे आणि मला ते पटतं. आपला माणूस चपलेवर गाडी चालवतो, किंवा ऑफिसला पॉलिश केलेला काळा बूट घालून जातो. चवड्यानं लिव्हर वर उचलायची म्हटलं की चपलेतून अंगठा सोलतो आणि बुटावर वरून काळा ओरखडा पडतो, टाचेनं दाबलं की दोन्ही वाचतं. म्हणजे ही पट्टी पायाचा विचार करूनच आली आहे की, फक्त तो विचार ८ नंबरपाशी येऊन थांबला.

आमच्या वडलांची येझदी होती. आजकालच्या पोरांना खोटं वाटेल पण त्या गाडीला किक आणि गिअर एकच लिव्हर होती, तीच आत दाबून मागं फिरवली की किक व्हायची, मग पुढं आणली की गिअर. वडलांचा पायपण असाच, आणि त्यांना कधी अडचण आल्याचं मला आठवत नाही. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडं आणि ब्रेक डावीकडं, शिवाय न्यूट्रल शोधायला टाचेजवळ वेगळी छोटी लिव्हर, एकावरून उतरून दुसऱ्यावर बसलं की माणूस ब्रेक म्हणून गिअर दाबायचा. पुढं अमेरिकेनं सत्तरच्या दशकात नियम केला की गिअर डावीकडं आणि ब्रेक उजवीकडंच पाहिजे, आणि हळूहळू सगळं जग तसं झालं, आपली बुलेटपण शेवटी तिकडंच आली. म्हणजे कुठल्या पायानं काय करायचं ते ठरलं. तो पाय केवढा असेल ते ठरवायचं राहिलं.

तिकडं निदान पर्याय तरी मिळतात. इंडियन नावाची एक मोटरसायकल कंपनी आहे (नाव इंडियन, गाडी अमेरिकेची), तिच्या स्काउट गाडीला उंच माणसासाठी आणि बुटक्या माणसासाठी वेगवेगळ्या अंतराचे फूट कंट्रोल कंपनीकडूनच मिळतात. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना टाचेची पट्टी असते, मोठ्या बुटाची माणसं ती सरळ काढून ठेवतात. आता मला कुणी सांगू नका की त्या लाखो रुपयांच्या गाड्या आहेत. लिव्हरला तीन भोकं ठेवून पुढची पट्टी मागंपुढं सरकवायची सोय करायला लाख रुपये लागत नाहीत, आमच्या मिस्त्रीनं माझ्याकडून वेल्डिंगसकट दीडशे घेतले आणि त्यातला चहा त्यानंच पाजला.

बरं, यात बेकायदेशीर काही आहे का म्हणून मी जरा माहिती काढली, कारण गाडीत फेरफार केला की पोलीस धरतात ही भीती असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यात म्हटलंय की आरसी बुकात कंपनीनं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. आता लिव्हर एक दाता वर आहे का खाली हे काही आरसी बुकात लिहिलेलं नसतं. दुसरा एक नियम सापडला, १९८९ च्या केंद्रीय नियमातला १२३ नंबरचा, त्यात मागं बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण द्यायला कंपनीला सांगितलंय, म्हणजे आपलं साडीगार्ड. वाचून बरं वाटलं. मागं बसणाऱ्या बाईच्या साडीचा विचार नियमात आहे, तसाच पुढं बसलेल्या बाप्याच्या टाचेचाही करायला काय हरकत आहे?

आणि आता मापं नाहीत असंही म्हणायला जागा नाही. चेन्नईला सरकारची चामड्याची संशोधन संस्था आहे, सीएलआरआय, तिनं २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरनं मोजले. कशासाठी तर आपण इतकी वर्षं इंग्रजांचे आणि युरोपचे बुटाचे नंबर वापरतोय आणि आपला पाय त्यांच्यापेक्षा रुंद, म्हणून भारतीय पायाला भारतीय मापं पाहिजेत, "भा" असं नावही त्याला सुचवलंय. बुटासाठी एवढं झालं तर तोच आकड्यांचा गठ्ठा पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांची तपासणी करणारी जी एआरएआय संस्था आहे तिच्याकडं जावा आणि मोटरसायकलच्या कंपन्यांनी एकदा बघावा, की बाबा आपण फूटरेस्टपासून लिव्हरपर्यंत जे अंतर ठेवतो ते किती लोकांना बसतं. एमआयडीसीचा सेफ्टी शू आणि शेतकऱ्याचा गमबूट घालून बघावा, एवढंच.

माझी चप्पल मी दुकानातून घेत नाही, मिळतच नाही, कराडच्या दुकानदारानं १० च्या पुढं येत नाही म्हणून कधीच सांगून टाकलंय. मी कोल्हापूरला जाऊन करून घेतो. तिथं तो कारागीर खाली कागद अंथरतो, म्हणतो पाय ठेवा, आणि पेन्सिल पायाच्या कडेकडेनं फिरवून पूर्ण पाय कागदावर उतरवून घेतो, अंगठ्यापाशी जरा थांबतो, गुदगुल्या होतात, मग दुसरा पाय, कारण म्हणतो दोन्ही पाय कधीच सारखे नसतात साहेब, तुमचा डावा जरासा मोठा आहे. डावा! म्हणजे गिअरचाच. दीड हजाराच्या चपलेला माणूस पायाचं माप घेतो आणि लाखाच्या गाडीच्या चाव्या हातात देताना शोरूमवाला हार घालतो, पेढा देतो, नारळ फोडतो, फोटो काढतो, आणि पायाकडं बघत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. गाडीची डिलिव्हरी देताना गिऱ्हाईकाला त्याच्या रोजच्या बुटावर गाडीवर बसवा, १० नंबरचा पाना हातात घ्या आणि गिअर, ब्रेक त्याच्या पायाला लावून द्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आरसे नाही का लावून देत माणसाच्या उंचीप्रमाणं? ज्यांच्या लिव्हरला सळई नाही त्या कंपन्यांनी निदान एक लांब आणि एक आखूड लिव्हर पार्टच्या यादीत ठेवावी, पैसे घेऊन द्या, फुकट कुणी मागत नाही. आणि संपादक साहेब, तुमच्याकडूनपण एक. तुमचा जो वार्ताहर नवीन गाड्या चालवून बघतो आणि लिहितो ना, की "पायाची ठेवण आरामदायी आहे", त्याला त्या वाक्याशेजारी स्वतःच्या बुटाचा नंबर छापायला सांगा.

माझी गाडी आता बरी चालते. मागची पट्टी चार बोटं लांब, वेल्डिंगचा सांधा गंजू नये म्हणून त्यावर काळा ऑइल पेंट, गमबूट आत येऊन वर बोटभर जागा उरते. या पावसाळ्यात एकदाही नको तेव्हा गिअर उतरला नाही, पारावरची म्हातारी मात्र अजून गाडी थांबली की उठून बघतात. काळजी आता दुसऱ्याच पायाची आहे. आमचं धाकटं कार्टं १४ वर्षांचं आहे, गेल्या जूनला शाळेचे बूट घेतले ते ९ नंबरचे, दिवाळीला बोटं दुखतात म्हणाला, दुकानात गेलो तर १० चा लागला. चार वर्षांत लायसन्स काढेल. तोपर्यंत काही होतंय का बघा.

आपला,
एक नेहमीचा वाचक
पाटण, जि. सातारा